तीन दिवसांचं सिंगापूर

शैले, आज सोमवार. ठरल्याप्रमाणे सगळं झालं असतं तर आज सकाळी आपण दोघी विमानतळावरून टॅक्सी करून लालबागला उतरलो असतो. चाळीच्या तोंडाशी बॅगा ठेवून तू मला दम भरला असतास, ‘ताई, वर गेल्या गेल्या कुणालाही चहा करून द्यायचा नाही. आज त्यांनी आपल्याला द्यायचा.’ त्याऐवजी काल तुझा तेरावा झाला. शुक्रवारी अकरावा, शनिवारी बारावा, रविवारी तेरावा. आपण मागून घेतलेले तीन दिवस बरोब्बर त्यातच गेले. कॅलेंडरवरच्या त्या तीन चौकटींना तू लाल पेनाने गोल करून ठेवले होतेस. भटजी वार सांगत होते तेव्हा भाऊजी कॅलेंडरजवळ जाऊन म्हणाले, ‘अरे, हे आधीच कुणी गोल केले?’ मग त्यांच्या लक्षात आलं. ते गॅलरीत जाऊन कितीतरी वेळ पाठमोरे उभे राहिले.

तुझ्याबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाही. तू माझी धाकटी जाऊ. एकोणतीस वर्षं जे काय वाईट बोलायचं ते मी तुझ्या तोंडावर बोलले, म्हणून मागे बोलायला काही उरलंच नाही. परवा तुझ्या शाळेतले लोक आले होते. ऑफिसात तुझ्या खुर्चीला हार घातला म्हणाले. तू मनमिळाऊ होतीस म्हणे, शांत होतीस म्हणे. मी मान हलवली. शांत? देवगडहून आलेली आंब्याची पेटी माझ्या आधी फोडलीस म्हणून मी बोलले, तर तीन दिवस अबोला धरणारी ती कोण होती? आणि चौथ्या दिवशी सकाळी माझ्या उशाशी दोन हापूस ठेवून गेलीस, तीही तूच. माफी मागायची तुझी पद्धतच ती. बोलायचं नाही, ठेवून जायचं.

सिंगापूरचं खूळ तुझ्या डोक्यात घातलं लोर्नाने. भायखळ्याची तुझी लोर्ना मिस, तुझ्या शाळेतली चित्रकलेची बाई. ती मे महिन्यात जाऊन आली आणि तिने तुला फोटो दाखवले. तू घरी आलीस ती चपला काढायच्या आधी बोलायला लागलीस. ‘ताई, फक्त शनिवार-रविवार आणि मागेपुढे थोडं. रजा जवळजवळ लागतच नाही.’ रजा लागत नाही हे तुला आधी सांगावं लागलं, कारण आपल्या घरात रजा म्हणजे गणपती, रजा म्हणजे शिमगा, रजा म्हणजे गावाला कुणाचं तरी वर्षश्राद्ध. नोकरीला लागल्यापासून तू स्वतःसाठी एक दिवस कधी घरी बसली नव्हतीस. ताप असला तरी जायचीस, म्हणायचीस, गणपतीला कमी पडेल.

मी काय म्हटलं ते तुला आठवतंय ना? मी म्हटलं, ‘तेही बेट, हेही बेट. तिकडेही वर्षभर घामच. घाम गाळायला विमानात कशाला बसायचं गो?’ आणि त्या माशाच्या अंगाच्या सिंहाचा फोटो बघून मी विचारलं, ‘ह्याची पूजा करूची की कालवण?’ तू हसून हसून पलंगावर पडलीस. मग उठून बसलीस आणि एकदम साधेपणाने म्हणालीस, ‘ताई, तिकडे आपल्याला कुणी ओळखत नाही. तीन दिवस कुणी हाक मारणार नाही.’

मी पाळणाघर चालवलं, सासूबाईंचं केलं, बासष्ट वर्षांची झाले. हाक आली नाही असा एक दिवस मला आठवेना.

मग दर रविवारी दुपारी, जेवणं आटोपून पुरुष आडवे झाले की आपण दोघी गॅलरीत चटई टाकून बसायचो. तुझ्या मोबाइलवर त्या शहराचे व्हिडिओ. रात्री दिवे लागणारी लोखंडी झाडं, काचेसारखे रस्ते, आणि तू थांबवून थांबवून दाखवायचीस की बघा, एक कागद पडलेला नाही. यादी तुझी, खोड्या माझ्या. भाजणी घ्यायची, लसणाची चटणी घ्यायची. मी म्हटलं सुका जवळा थोडा घेऊ, तर तू कपाळावर हात मारलास. ‘ताई, विमानात आपल्या बाजूला कुणी बसणार नाही! आणि ती तुमची मशेरी पण तिकडे चालत नाही. पकडतील.’ मी म्हटलं, ‘तीन दिवस मशेरीशिवाय?’ तू म्हणालीस, ‘तुम्ही मला खाल, पण मी तयारी ठेवलीय.’ आणि खरंच एका पुडीत लवंगा-वेलची बांधून ठेवली होतीस, माझ्यासाठी.

पासपोर्टचे फोटो आले तेव्हा तू स्वतःचा फोटो उलटा करून ठेवलास. हे म्हणाले, ‘दोघी चालल्यात तर चालल्यात, परत याल ना?’ भाऊजींना मात्र ते पटलेलं नव्हतं. दोन बायका एकट्या, परदेशात, काही झालं तर? ते तोंडाने नाही म्हणाले नाहीत, पण दर दोन दिवसांनी विचारायचे, ‘नक्की जायचंच आहे का?’ तुला भीती होती की त्यांना कारण मिळायचा अवकाश. एक शिंक आली तरी तू मोरीत जाऊन शिंकायचीस.

आता मी त्या गोष्टीवर येते. एवढा वेळ मी इकडचं तिकडचं बोलले ते ती लांबवायला, हे तुला कळलंच असेल.

टूरवाल्या मुलीने सांगितलं की तिथे खूप चालावं लागतं, आत्तापासून सवय करा. म्हणून आपण सकाळी बसने शिवाजी पार्कला जायला लागलो. दोन फेऱ्या मारायच्या, मग तू तशीच शाळेत, मी घरी. पहिला आठवडा झकास गेला. तू पुढे, मी माझे गुडघे घेऊन मागे. दुसऱ्या आठवड्यात तू मागे पडायला लागलीस. अर्ध्या फेरीत कट्ट्यावर बसलीस, हात मानेखाली धरून. म्हणालीस, पाठीत भरून येतंय, जबडाही दुखतोय, दाढ असेल. आणि मी, घरातली मोठी शहाणी, एका क्षणात निकाल दिला, ‘पित्त आहे. रिकाम्या पोटी चहा ढोसतेस ना, मग?’

आपल्या घरात पित्ताशिवाय दुसरं दुखणं कुणाला झालेलंच नाही. डोकं दुखलं, पित्त. चक्कर आली, पित्त. छातीत जळजळलं तर विचारायलाच नको. आणि पित्ताची डॉक्टर मी. सगळी चाळ माझ्याकडे येते. मी तुला कोकमाच्या आगळाचं पाणी दिलं, जिरं-खडीसाखर चघळायला दिली, आवळ्याची सुपारी पर्समध्ये टाकली. तू आज्ञाधारकपणे सगळं घेतलंस. आठ दिवसांत तू जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायला लागलीस. कुणी वरून-खालून आलं की मोबाइल काढून बघायचीस, जसा काही मेसेज आला आहे. मी तुझ्यामागे पिशवी घेऊन उभी असायचे. मला दिसत होतं की मोबाइलचा पडदा काळा आहे.

आणि तो रविवार. तू जायच्या दोन दिवस आधीचा. आपण माळ्यावरून बॅग काढत होतो. तू ती खाली घेतलीस आणि तशीच बसलीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला तर ब्लाउज पाठीला चिकटलेला, गार. पंखा चालू होता. कपाळावर घामाचे थेंब, आणि चेहरा राखेसारखा. शैले, तो घाम आपण दोघींनी आधी एकदा बघितला होता. सासूबाई गेल्या त्या सकाळी, याच खोलीत, त्यांच्या कपाळावरचा असाच गार घाम आपण पदराने पुसत होतो. तू एका बाजूला, मी एका बाजूला. तो घाम काय असतो हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

आपण एकमेकींकडे बघितलं. तू म्हणालीस, ‘ताई, कुणाला बोलू नका. ह्यांना कळलं तर जाऊ देणार नाहीत. परत आल्यावर मी स्वतः जाते डॉक्टरकडे. तुम्हीच चला माझ्याबरोबर.’

मी म्हटलं, ‘बरं.’

बस, एवढंच. एक शब्द. आणि मी तो का म्हटला तेही सांगते, कारण तुझ्यापासून लपवून आता काय करू? तुझी दया आली म्हणून नाही. तुझं मन मोडू नये म्हणूनही नाही. मला पहिला विचार आला तो हा, की आता हिने डॉक्टर काढला तर गेलं सिंगापूर. जी मी ‘घाम गाळायला कशाला’ म्हणत होते, तीच मी तुझ्याहून जास्त अधाशी झाले होते. पाळणाघरातल्या जुन्या पोरांच्या आयांना मी फोन करून सांगितलं होतं. मला ती झाडं बघायची होती. मला तीन दिवस कुणाची ताई व्हायचं नव्हतं. मग मी तुला पुन्हा आगळाचं पाणी करून दिलं, आणि आपण दोघींनी ते पित्त आहे असं नाटक केलं. तू ग्लास रिकामा करून म्हणालीस, ‘बरं वाटतंय.’ मी म्हटलं, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’

माझं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं तेव्हाचं आठवतं मला. मी घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मला कसंतरी होत होतं आणि मी म्हणत होते, पित्त आहे, पित्त आहे. तू तेव्हा लहान, नवी, घाबरट. पण माझ्या टाक्यांकडे एकदा बघितलंस आणि ह्यांना ऑफिसातून बोलावून घेतलंस. मी तुला शिव्या घातल्या. तू ऐकून घेतल्यास, मला टॅक्सीत घातलंस. पू झाला होता, डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत. मग पंधरा दिवस तू मला न्हाऊ घातलंस. माझी आईसुद्धा एवढ्या मायेने पाठ चोळायची नाही. मी कधी तुला थँक्यू म्हटलं नाही, आपल्यात तशी रीत नव्हती. आता म्हणते. मी त्या दिवशी वाचले ती तू माझं ऐकलं नाहीस म्हणून.

मंगळवारी सकाळी माझा गुडघा सुजला होता, म्हणून फिरायला गेलो नाही. तू सरळ शाळेत निघालीस. दोन मिनिटांत खालून शेजारणीची हाक आली. पहिल्या मजल्याच्या वळणावर तू पायरीवर बसली होतीस, पर्स मांडीवर, भिंतीला टेकून. चार बायका जमल्या होत्या. मला बघून तू हसायचा प्रयत्न केलास आणि म्हणालीस, ‘ताई, पित्त.’ ते मला सांगत होतीस की त्या बायकांना, ते मला आजपर्यंत उमगलेलं नाही. त्यानंतर तू काही बोलली नाहीस.

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, आणि मग विचारलं, ‘आधी काही त्रास होता का? दम लागणं, घाम?’ भाऊजी म्हणाले, ‘नाही हो. ठणठणीत होती. पुढच्या आठवड्यात सिंगापूरला निघाली होती.’ डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडाला लावून उभी होते. सगळ्यांना वाटलं मी रडतेय.

मनू त्याच दुपारी पुण्याहून आली. तुझी लेक तुझ्यावर गेलीय, तिला उत्तर मिळाल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या दिवसापासून येईल त्याला ती एकच विचारत होती, ‘आईने तुम्हाला काही सांगितलं होतं? काही दुखतंय, खुपतंय?’ शाळेतल्या बायकांना विचारलं, शेजारणींना विचारलं. लोर्ना आली, मनूला पोटाशी धरून रडली आणि म्हणाली, ‘मला नाय बोलली गो बाय. बोलली असती ना, तर उचलून नेली असती मी तिला.’ मी तिथेच तांदूळ निवडत होते. मनूने मला तेवढं विचारलं नाही. तिला वाटलं असणार, मोठ्या आईला माहीत असतं तर ती गप्प बसली असती का?

दहाव्याला बाणगंगेवर मीही गेले. आता बायका जातात, आणि मला जायचंच होतं. नऊ दिवस मी एक वाक्य तोंडात घोळवत होते. मला ठाऊक होतं, तुझा पिंड ठेवला की कावळा यायचा नाही. भाऊजी म्हणतील, मनूचं लग्न थाटात करीन. नाही यायचा. हे म्हणतील, धाकट्या भावाला, दिनेशला, अंतर देणार नाही. नाही यायचा. मग सगळे माझ्याकडे वळतील, ताई, तुम्ही बोला. आणि मी सगळ्यांदेखत बोलेन, शैले, मला माहीत होतं ते पित्त नाही. मगच तू शिवशील असं मी धरून चालले होते. तेवढी हिंमत मी गोळा करून नेली होती, खोटं नाही सांगत.

भटजी पिंड ठेवून दोन पावलं मागे सरले नाहीत तोच कावळा आला. एक आला, मागोमाग दुसरा. भाताची शितं उडाली. भाऊजींनी डोळे पुसले. तुझे माहेरचे मामा म्हणाले, ‘बघा, पोरीने एकही इच्छा मागे ठेवली नाही.’ सगळ्यांनी हात जोडले, आणि सुटल्यासारखे घाटावरून चालायला लागले.

मला तुझा इतका राग आला, शैले! एकही इच्छा नाही? बॅग भरून पलंगाखाली पडलीय आणि इच्छा नाही? जन्मभर प्रत्येक गोष्टीला घाई. लग्नाला घाई, बाळंतपणाला घाई, जेवायला बसलीस की माझा पहिला घास व्हायच्या आत तुझी पोळी संपलेली. निदान तिथे तरी थांबायचंस. मी बोलेपर्यंत. तुझ्या पद्धतीने मला माफ करून मोकळी झालीस, न बोलता, न ऐकता. आणि मी त्या पायऱ्यांवर तोंडात वाक्य घेऊन उभी राहिले. तू मला माफ केलंस असं धरलं तरी त्याचा मला उपयोग नाही. ऐकायचा हक्क आता एकट्या मनूचा होता.

काल तेराव्याची माणसं जेवून गेली. दुपारी चार वाजता मनू तुमच्या खोलीत तुझ्या साड्यांच्या घड्या करत बसली होती. मी आत गेले, तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. शिवाजी पार्कपासून सुरुवात केली ती रविवारच्या घामापर्यंत. आजीचा घाम कसा होता तेही सांगितलं. ‘बरं’ म्हटलं तेही. मधे थांबले नाही, रडले नाही. रडले असते तर तिने माझे डोळे पुसले असते, आणि ते मला नको होतं.

ती हातातली साडी तशीच धरून होती. मग म्हणाली, ‘तू आईला म्हटलं असतंस, चल आत्ता डॉक्टरकडे, तर आई ऐकली असती?’

इथे मला सुटायला जागा होती. तू हट्टी होतीस, हे चाळीतल्या पोरासोरांना ठाऊक आहे. ‘तुझी आई कुणाचं ऐकते का’ एवढं म्हटलं असतं तर तिने मान्य केलं असतं, तिलाही तेच हवं होतं कदाचित. पण एकोणतीस वर्षांत मी ठामपणे म्हटलं आणि तू केलं नाहीस, असं एकदाच घडलं, आणि ते माझा जीव वाचवायला.

मी म्हटलं, ‘ऐकली असती.’

‘मग का नाही म्हणालीस?’

‘मला जायचं होतं,’ मी म्हटलं.

मनूने साडीची घडी पुरी केली, कपाटात ठेवली, कपाट लावलं. आज सकाळी मी नेहमीप्रमाणे चौघांचा भात लावायला उठले, तर तुमच्या खोलीतून कुकरची शिट्टी आली. आंघोळीचं पाणी तापवायच्या त्या गॅसवर तिने स्वतःचा आणि भाऊजींचा वरणभात लावला होता. आपण दोघी एवढ्या भांडलो, अबोले धरले, भांडी आपटली, पण या घरात चूल कधी वेगळी झाली नव्हती. भाऊजी दारात येऊन नुसते उभे राहिले, त्यांना काही कळेना. हे मला विचारायला लागले, काय झालं म्हणून. मी डब्यातून घेतलेले तांदूळ निम्मे परत टाकले आणि उरलेले धुवायला घेतले.